इंजिनरूमचा आवाज आणि पसारा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागली, बोटी शाकारल्या (वर ओढून झाकून ठेवल्या) की इंजिनरूमच्या प्रश्नांची रीघ लागते, कारण वर्षभर जे डोकं खातं ते दुरुस्त करायला हेच दिवस मिळतात, नंतर नारळी पौर्णिमा आली की कुणाला वेळ नसतो. यावेळी आवाजाबद्दल एवढे मेसेज आलेत की सगळा कॉलम त्यालाच देतोय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून फक्त गावं दिली आहेत.

हर्णैहून एक बोटमालक: दादा, माझी लाकडी ट्रॉलर आहे, सहा सिलिंडरचं १२० एचपीचं इंजिन, एक्झॉस्ट सुका (धुरात पाणी न सोडणारा), आणि केबिन बरोब्बर इंजिनच्या डोक्यावर. रात्री जाळं ओढत असताना आतला खलाशी झोपूच शकत नाही. एक जण म्हणाला इंजिनरूमला आतून सगळीकडे फोम मार, आवाज गायब. किती जाडीचा घेऊ?

भाऊ, फोम घ्यायच्या आधी आवाज केबिनमध्ये नक्की कुठल्या रस्त्याने येतोय ते शोधा, नाहीतर पैसे जातील आणि आवाज तिथेच राहील. रस्ते दोन. एक हवेतून, म्हणजे फटीतून, हॅचमधून (इंजिनरूमच्या झाकणातून), केबिनच्या पातळ तळातून. दुसरा लाकडातून, म्हणजे इंजिनचा थरथराट फाउंडेशनमध्ये, तिथून बीममध्ये, तिथून केबिनच्या फळ्यांमध्ये, आणि मग अख्खी केबिनच वाजायला लागते. फोम काम करतो फक्त पहिल्या रस्त्यावर, तेही अर्धवट. दुसऱ्यावर त्याचा शून्य उपयोग.

शोधायचं कसं ते सांगतो, याला पैसे लागत नाहीत. मोबाईलवर डेसिबल मोजायचं कुठलंही फुकट ॲप घ्या. त्याचा आकडा अगदी बरोबर नसतो पण आपल्याला फक्त तुलना करायची आहे, तेव्हा फोन एकच आणि जागाही एकच, बंकवर उशी असते तिथे. आता नेहमीच्या आरपीएमवर हॅच बंद ठेवून मोजा आणि मग हॅच सताड उघडून मोजा. उघडल्यावर आकडा फारसा वाढलाच नाही तर समजा की आवाज हवेतून येत नाहीये, लाकडातून येतोय. मग तोच आरपीएम आधी न्यूट्रलला आणि नंतर गियरमध्ये. लोड आल्यावर थोडा फरक पडणारच, पण गियर टाकल्या टाकल्या पायाखाली घरघर सुरू झाली तर इंजिनकडे बघूच नका, शाफ्ट, कप्लिंग (गियरबॉक्स आणि शाफ्टचा जोड) नाहीतर बोटीच्या पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे, जा. पंख्याचं एक पातं वाकलेलं असलं, जाळ्याचा दोर शाफ्टला गुंडाळला असला, कटलेस बेअरिंग (पंख्याजवळ शाफ्टला धरणारं रबरी बेअरिंग) झिजलं असलं तरी केबिन अशीच हादरते. आणि ठरावीक एका आरपीएमलाच आवाज चढत असेल, वर किंवा खाली गेलं की उतरत असेल, तर काहीतरी सुटं आहे किंवा माउंटिंगचा प्रॉब्लेम आहे. लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक बीमवर टेकवा, मूठ कानाच्या हाडाला लावा, एकेका बीमवर फिरत जा, कुठे जास्त आहे ते लगेच कळतं. फक्त फिरणाऱ्या शाफ्टच्या आणि बेल्टच्या जवळ हे करू नका.

आता जाडीचं. तुमचं इंजिन १५०० आरपीएमला असेल तर सहा सिलिंडर मिळून सेकंदाला ७५ वेळा फायर होतात. तो जो छातीत जाणवणारा धडधड आवाज आहे तो या ७५ हर्ट्झचा, आणि त्याची एक लाट साडेचार मीटर लांब असते. एक इंच फोम तिला काय अडवणार. इंचभर फोम टर्बोची शिट्टी आणि गियरचा किणकिणाट खातो, धडधड तशीच पलीकडे जाते. तिला अडवायला वजन लागतं. म्हणून बोटीत जे चांगलं पॅनेल करतात त्यात दोन कामं वेगळी असतात, आवाज शोषणारा मऊ थर इंजिनच्या बाजूला आणि आवाज अडवणारा जड थर त्याच्या मागे. जड थर म्हणजे भारी व्हिनाइल शीट, चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास. मऊ थराला मी तरी रॉकवूलच (दगडापासून केलेली लोकर) सांगेन, ५० मिलिमीटरचा स्लॅब, ग्लास क्लॉथमध्ये पूर्ण गुंडाळून, वरून भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. रॉकवूल जळत नाही, आणि इंजिनरूममध्ये माझ्या लेखी हा एकच मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांच्या वर आहे. गुंडाळायचं एवढ्यासाठी की उघडं ठेवलं तर तेल पितं, आणि तेल प्यायलेलं रॉकवूल मात्र पेटतं.

लावायचं कुठे? सगळीकडे नाही. पहिलं केबिनच्या तळाला खालून, मग केबिनच्या बाजूचं पार्टिशन, मग हॅचचं झाकण. बोटीच्या बाजूंना, म्हणजे बाहेरच्या फळ्यांना आतून, लाकडी बोटीत काही चिकटवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिथून आवाज समुद्रात जातो, खलाशाच्या कानात नाही, आणि मागे फळीत पाणी झिरपतंय का, सांध्यात ठोकलेला कापूस सुटलाय का, लाकूड कुजतंय का हे तुम्हाला दिसायचं बंद होईल. दुसरं म्हणजे नुसत्या गमवर भरवसा ठेवू नका, तेलाच्या वाफेने आणि उष्णतेने गम सुटतो आणि पॅनेल नेमकं बेल्टवर किंवा एक्झॉस्टवर पडतं. पट्ट्या मारा, रुंद वॉशर घालून स्क्रू मारा, पॅनेल दोन-दोन फुटांची सुटी ठेवा म्हणजे एकट्या माणसाला काढता येतील.

आणि फटी. भिंतीच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली तर भिंत कितीही भारी करा, २० डेसिबलच्या वर फायदा मिळत नाही, हे गणित आहे, त्यात सूट नाही. पाइप जातात ती भोकं, वायरची भोकं, स्टिअरिंगच्या केबलचं भोक, हॅचची कडा, हे सगळं आधी बंद करा. हॅचला चारी बाजूंनी रबरी बीडिंग आणि ते दाबून धरणारे लॅच. माझ्या मते तुम्ही नुसतं इतकंच केलंत आणि आठ दिवस थांबलात तरी पॅनेल किती लागतील याचा अंदाज बदलेल. अपेक्षा पण बेताची ठेवा, कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल खाली यावे लागतात, दोन सारख्या इंजिनांपैकी एक बंद केलं तरी फक्त ३ उतरतात. १० उतरले तर तुमचा माणूस झोपेल.

देवगडहून: गेल्या सीझनला इंजिनरूम पूर्ण पॅक केली, आवाज खूप कमी झाला पण आता टेंपरेचर चढतं, काळा धूर मारतं आणि बोट पूर्वीसारखी ओढत नाही. मेकॅनिक म्हणतो नोझल (डिझेल फवारणारे) बदला. १५० एचपीचं इंजिन आहे.

नोझल बदलायच्या आधी एक करा. बोट फुल लोडवर चालवा आणि कुणाला तरी हॅच चार बोटं वर उचलायला सांगा. उचलताना हॅच आत ओढल्यासारखी जड लागली, किंवा उचलल्यावर आरपीएम वाढला आणि धूर पातळ झाला, तर नोझल बिचारे ठीक आहेत, इंजिन गुदमरतंय.

डिझेल इंजिनला एका एचपीला मिनिटाला साधारण अडीच घनफूट हवा लागते, म्हणजे तुमच्या १५० ला पावणेचारशे घनफूट, दर मिनिटाला, आणि ही फक्त जाळायची हवा झाली. शिवाय इंजिनच्या अंगातून जी गरमी बाहेर पडते ती घेऊन जायलाही हवा हवी. पाण्याचं कूलिंग आहे म्हणून ही गरज संपत नाही, लोक इथेच फसतात. भोकाचा अंदाज असा घ्या, एचपीला ३.३ ने भागा, तेवढे चौरस इंच. तुमचे झाले ४५, म्हणजे सहा इंच बाय साडेसात इंच एवढी मोकळी जागा कमीत कमी, आणि त्यावर जाळी किंवा लुव्हर असेल तर जाळीने खाल्लेली जागा वर धरून मोठं करायचं.

मग आवाज परत बाहेर येणार, हे तुम्ही म्हणाल. त्याला उपाय आहे. हवेला रस्ता द्यायचा पण सरळ द्यायचा नाही. भोकावर पत्र्याची किंवा मरीन प्लायची पेटी करा, त्यात हवा दोन वळणं घेऊन आत यावी, आणि पेटीच्या आतून रॉकवूलचं तेच गुंडाळलेलं अस्तर. हवा वळते, आवाज अस्तरावर आपटून मरतो. पेटीतला रस्ता कुठेही भोकापेक्षा अरुंद होऊ देऊ नका. गार हवा खाली, इंजिनच्या बुडाशी सोडा, आणि गरम हवेला वरून समोरच्या कोपऱ्यातून बाहेर काढा, हवेचा पंखा बसवायचा तर तो बाहेर काढणाऱ्या बाजूला. आत येणाऱ्या पेटीचं तोंड अशा ठिकाणी नको जिथे लाट येईल किंवा स्वतःच्याच एक्झॉस्टचा धूर आत ओढला जाईल.

आणि सुक्या एक्झॉस्टचा पाइप इंजिनरूमच्या आत उघडा असेल तर तो गुंडाळा, पूर्ण, फ्लँजसकट (जोडाच्या चकत्यांसकट). मोठ्या जहाजांना नियम आहे की २२० अंशांच्या वर तापणारा आणि तेल उडू शकेल असा प्रत्येक भाग इन्सुलेट हवा. हा आकडा असाच आलेला नाही, डिझेल गरम पत्र्यावर पडलं तर ठिणगीशिवाय पेटायला लागतं ते याच सुमाराच्या वर, आणि लोडवरचा सुका पाइप ४०० च्याही पुढे जातो. पाइप गुंडाळला की खोली पण थंड राहते आणि पाइपचा स्वतःचा आवाजही दबतो.

मालवणहून, टुरिस्ट बोट चालवणारे: अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल लावले तर स्वस्तात होईल का? यूट्यूबवर खूप जण दाखवतात.

नाही. अंड्याचा ट्रे आवाज अडवत नाही, त्याला वजनच नाही, आणि पुठ्ठा आहे, पेटतो. थर्माकोल त्याहून वाईट, हलका, कडक, आवाजाला जवळजवळ काहीच करत नाही, आगीत वितळून जळते थेंब खाली टाकतो. सोफ्याचा साधा फोम जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सोडतो, आणि तुमच्या बोटीत वर लहान मुलं बसलेली असतात. दुकानदार "फायर रिटार्डंट आहे" म्हणाला तर तुकडा मागून आणा, मोकळ्या जागेत, वारा पाठीशी ठेवून, लांब चिमट्यात धरून लायटर लावा. लायटर बाजूला घेतल्यावर लगेच विझला नाही तर तो बोटीत येणार नाही, बस.

रत्नागिरीहून एक ताई: माझे मिस्टर बरीच वर्षं बोटीवर ड्रायव्हर आहेत. हल्ली टीव्ही मोठ्याने लावतात, मुलगी बोलली तर "काय?" विचारतात, रात्री कानात शिट्टी वाजते म्हणतात. ते म्हणतात की बोटीवर सगळ्यांनाच होतं. खरंच असं असतं का?

ताई, बोटीवर बऱ्याच जणांना होतं हे खरं, पण म्हणून ते चालवून घ्यायचं नाही. तुम्ही जे लिहिलंय ते इंजिनच्या आवाजाने कान जाण्याचं अगदी नेहमीचं चित्र आहे. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, ४००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणून बाईचं आणि लहान मुलाचं बोलणं ऐकू तर येतं पण शब्द कळत नाहीत. पुरुषांचं जाड बोलणं कळतं म्हणून त्यांना स्वतःला वाटतं की आपले कान ठीक आहेत, मुलगीच हळू बोलते.

गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं वाचवता येतं. सिव्हिल हॉस्पिटलला कान-नाक-घशाच्या ओपीडीत नेऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. तपासणीच्या आधी त्यांनी एक-दोन दिवस इंजिनजवळ जाऊ नये, आता बंदी आहे तर ते सोपं आहे.

त्यांना हिशोब दाखवा, ड्रायव्हर माणसाला हिशोब पटतो. ८५ डेसिबल आठ तास, ही सुरक्षित मानलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. डिझेल इंजिनच्या शेजारी बंद खोलीत १०० सहज असतात. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० ची मर्यादा आहे. मोठ्या जहाजांसाठी २०१४ पासून आंतरराष्ट्रीय नियम आहे, इंजिनरूममध्ये ११० च्या वर चालत नाही, झोपायच्या केबिनमध्ये ६० (१०,००० टनेजपासून पुढे ५५), आणि ८५ च्या वरच्या जागेत कानाला संरक्षण लावल्याशिवाय जायचं नाही. हा नियम १६०० टनेजच्या पुढच्या जहाजांना आहे, आपल्या ट्रॉलर त्यात येत नाहीत. पण कान तर तेच आहेत ना, खलाशाचा काय आणि जहाजावरच्या इंजिनिअरचा काय.

कापसाचा बोळा घालतात तो विसरा, त्याने जवळपास काही होत नाही. हेडफोनसारखे दिसणारे इअर मफ घ्या, सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, आणि ते इंजिनरूमच्या दाराबाहेर खिळ्याला टांगायचे, आत नाही. आत टांगले की घालायच्या आधीच कान आवाजात जातो. काम करताना मध्येच "जरा ऐकू दे" म्हणून काढायचे नाहीत, तेवढी पाच मिनिटं पण बराचसा फायदा घालवतात. मालकांशी बोलून आवाज कमी करायचं काम याच बंदीत करून घ्या, वरचं हर्णैचं उत्तर त्यांना वाचायला द्या.

साखरीनाट्याहून एक तरुण मालक: वडिलांकडून बोट माझ्याकडे आली. इंजिनरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही, कुठून सुरुवात करू?

मित्रा, सगळं बाहेर काढ. पाने, जुने बेल्ट, अर्धे डबे, गंजलेले नट, दोर, सगळं जेटीवर. मग बिल्ज (बोटीचा अगदी तळ, जिथे पाणी साचतं) घासून धू आणि आतून फिकट रंग दे, पांढरा किंवा फिकट करडा. काळ्या बिल्जमध्ये तेलाची गळती महिनाभर दिसत नाही, पांढऱ्यात पहिल्या थेंबाला दिसते. इंजिनखाली ट्रे बसव म्हणजे तेल बिल्जच्या पाण्यात जाणार नाही आणि पंपाबरोबर बंदरात पण जाणार नाही. जुनं तेल कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर आण, त्याच पाण्यातली मासळी आपण खातो.

वस्तू परत आत नेताना प्रत्येकीला एकच प्रश्न, रात्री लाइट गेली, बोट हलतेय आणि एकच हात मोकळा आहे, तर ही मला सापडेल का? समुद्राचं पाणी आत येतं त्या प्रत्येक कॉकसमोर काहीही ठेवायचं नाही, हँडल महिन्यातून एकदा फिरवून बघायचं, आणि कॉकशेजारी त्याच मापाची लाकडी गुटी दोरीने बांधून ठेवायची, नळी फाटली तर ठोकायला. डिझेल बंद करायचा कॉक इंजिनरूमच्या बाहेरून फिरवता आला पाहिजे. आग विझवायचा सिलिंडर पण दाराबाहेर, कारण आत आग असताना तो आणायला कोण आत जाणार. दाराला किंवा हॅचला एक छोटं झाकणाचं भोक ठेव ज्यातून दार न उघडता नळी आत घालता येईल, दार उघडलं की आगीला हवा मिळते.

बॅटरी इंजिनच्या उष्णतेपासून लांब, पेटीत, पट्ट्याने बांधलेली, पण पेटीला वर हवा जायला जागा हवी कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. वायर बिल्जमधून किंवा डिझेल फिल्टरच्या खालून न्यायच्या नाहीत, दर दीड फुटाला क्लिप मार. पाइपवर रंगाने मराठीत लिही, बाण काढ, नवीन खलाशाला पण कळलं पाहिजे. तेलाच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि लाकडाला माशाचं तेल किंवा जवसाचं तेल लावत असाल तर त्या चिंध्या ढीग करून कधीच टाकू नको, ही तेलं वाळताना स्वतःच तापतात आणि ढिगात आपोआप पेटू शकतात.

आणि तुला वेगळा साउंडप्रूफिंगचा खर्च लागेल की नाही ते हे सगळं झाल्यावर बघ. सुटी फ्लोअर प्लेट, डब्यात खुळखुळणारे पाने, सैल क्लॅम्पचा पाइप, पट्टा तुटलेला सायलेन्सर, यांचा आवाज माणसं इंजिनचाच समजतात. फ्लोअर प्लेटखाली रबराच्या पट्ट्या टाक, पाने कॅनव्हासच्या गुंडाळीत ठेव. पुढे पॅनेल लावायची झालीच तर आधी सगळ्या पाइपांचे फोटो मोबाईलवर काढून घे, आणि इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक), फिल्टर, गियरबॉक्सची डिपस्टिक, ग्लँड (शाफ्ट बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं पॅकिंग) या चार जागांवर पॅनेल येऊ देऊ नको.

वेंगुर्ल्याहून: फायबरची बोट आहे. आवाज कमी व्हावा म्हणून इंजिनखाली नवे रबर माउंट टाकले तर थरथर उलट वाढली. रबर खराब निघाले का?

रबर बहुतेक चांगले आहेत, अलाइनमेंट गेली असणार. माउंट बदलले की इंजिनची उंची बदलते, आणि नवं रबर वजनाखाली थोडं बसतं, म्हणून काही दिवस चालवून मग परत बघायचं. हे काम बोट पाण्यात असताना करायचं, वर ओढलेल्या बोटीचा आकार थोडा बदललेला असतो, तिथे जुळवलेलं पाण्यात जुळत नाही. कप्लिंगचे बोल्ट सोडा, दोन्ही फ्लँज हलकेच जवळ आणा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाच इंची फ्लँजला पाच थाउच्या वर फरक नको. फ्लँज पाव फेरा फिरवून परत मोजा, फरक फ्लँजबरोबर फिरला तर शाफ्ट वाकलाय. रबरावर बसलेलं इंजिन हलतं, तेव्हा एक्झॉस्टला बेलोज (घड्यांचा लवचिक जोड) आणि डिझेल-पाण्याच्या जोडांना लवचिक नळ्या आहेत ना ते बघा, एक जरी कडक पाइप राहिला तरी सगळा थरथराट त्यातून बोटीत उतरतो आणि तो पाइप एक दिवस तडकतो. रबरावर डिझेल ठिबकत असेल तर ती गळती आजच काढा, डिझेल प्यायलेलं रबर मऊ होऊन इंजिन एका बाजूला खाली बसतं आणि केलेली अलाइनमेंट परत जाते.